ताट वाढलं, फोटो गेला

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगते. अंगणवाडीत उभं आयुष्य गेलं, तिथं लेकरांवर कधी आवाज चढवला नाही. पण मोठ्या माणसांवर आणि यंत्रांवर चढवायला मी मागेपुढे पाहत नाही. वजनकाटा बिघडला की त्याच्याशीसुद्धा भांडायची. म्हणून दिवाळीला पोरगा घरी आला आणि त्यानं माझ्या मोबाइलात जेवणाचं अॅप टाकलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "मी काय कुपोषित लेकरू हाय का बे?"

तो हसला. पुण्यात राहून त्याचं बोलणं आता गुळगुळीत झालं आहे. म्हणाला, "तसं नाही गं आई. तुझी शुगर नीट राहावी, एवढंच."

शुगर निघाली ती रिटायर झाल्यावर. आमच्या मोताळ्यातल्याच डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि बोट नाचवत सांगितलं, "ही गोळी घेतली की लगेच जेवायचं. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर कुठंतरी पडाल. चक्कर नाही, सरळ पडालच." मी मान डोलवली. अशीच मान माझ्यापुढं किती बायांनी डोलवली असेल, ते तेव्हा मनात आलं नाही.

अॅप तसं वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. आठवड्याचा सगळा बेत आधीच मांडून द्यायचं. सोमवारी काय, मंगळवारी काय. मराठीत बोलायचं, फक्त ते मराठी कुठल्या गावचं होतं देव जाणे. "आपण अद्भुत आहात" असं म्हणायचं. मला आजवर कुणी अद्भुत म्हटलं नव्हतं. सकाळी नाश्त्याची आठवण, दुपारी बरोबर एकला घंटी, "गोळी आणि जेवण". गोळी घ्यायची, ताट वाढायचं, ताटाचा फोटो काढायचा आणि खालचं हिरवं बटण दाबायचं, 'जेवले'. दाबलं की पडद्यावर एक पान डोलायचं आणि खाली यायचं, "शाब्बास!" हेच पान तिकडे पुण्यात पोराच्या मोबाइलातही डोलायचं. नाही दाबलं तर तिकडे लाल व्हायचं.

पहिल्याच दिवशी त्यात आलं, 'ज्वारीची भाकरी, मध्यम, एक'. मी पोराला विचारलं, "मध्यम म्हंजे केवढी? तुह्या बायकोच्या हाताची का माह्या?" माझी भाकर तव्याएवढी असते. सून बाजूलाच बसली होती, ती मनापासून हसली. गुणी आहे पोरगी. आमची बोली ऐकून तिला गंमत वाटते, पण नाव ठेवत नाही. तिनंच मग अॅपमध्ये भाकरीचा आकार मोठा करून दिला. दिवाळी झाली, ती दोघं निघून गेली आणि मी त्या घंटीच्या ताब्यात राहिले.

आता आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

आमच्या ह्यांची पिठाची गिरणी आहे, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. गिरणी लाइटवर चालते. लाइट असली की पट्टा फिरतो, आणि पट्टा फिरत असताना हे जागचे हलत नाहीत, कारण लोक डबे, गाठोडी घेऊन ओळीत बसलेले असतात. लाइट गेली की पट्टा थांबतो आणि हे घरी येतात, भुवयांवर पीठ घेऊन. म्हणजे आमच्या घरात दुपारचं जेवण घड्याळावर कधी नव्हतंच, लाइटवर होतं. कधी साडेबाराला, कधी तीनला. बाजाराच्या दिवशी तर विचारूच नका. खेड्यापाड्यांतले लोक सकाळी ज्वारी टाकून बाजार करायला जातात आणि परत जाताना पीठ उचलतात. त्या दिवशी चारसुद्धा वाजायचे.

आणि मी त्यांच्या आधी कधी जेवले नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं शिकवलं, पुरुष जेवला की मग बाईनं ताट घ्यायचं. सासू जाऊन जमाना झाला, रीत मात्र चुलीमागं बसून राहिली. नोकरी होती तेव्हा अडचण नव्हती. अंगणवाडीतच दुपार व्हायची, लेकरांची खिचडी उरली की चार घास तिथंच खायचे. रिटायर झाले आणि घरात बसले तेव्हा ती रीत उठून परत माझ्या समोर आली.

यात हसण्यासारखी गोष्ट ही, की मी बायांना उलटंच शिकवायची. पोटुशी बायांच्या बैठका घ्यायची. सुरात सांगायची, "बायांनो, सगळ्यांच्या आधी जेवा. गरम जेवा. उरलंसुरलं खाऊ नका." त्या पदर तोंडाशी धरून एकमेकींकडे पाहायच्या आणि हसायच्या. मी चिडायची. म्हणायची, "हसता काय? तुमच्याच भल्याचं सांगून राह्यली."

तर दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात मी ठरवलं, आता खरंच टायमावर जेवायचं. डॉक्टर सांगतो, पोरगा सांगतो, मोबाइल सांगतो, आपण काय अडाणी आहोत? एकची घंटी झाली, गोळी घेतली, वरण आणि पालकाची भाजी वाढून घेतली, फोटो पाठवला आणि जेवले. एकटीनंच. ताट धुऊन ठेवलं.

हे अडीचला आले. हातपाय धुतले. पाटावर बसले आणि धुऊन ठेवलेल्या माझ्या ताटाकडे पाहिलं.

"जेवली का?"

"हाव. गोळी घेतली होती न."

"बरं झालं," म्हणाले. "बरं झालं" दोनदा म्हणाले. आणि दोन भाकरी खाणारा माणूस एका भाकरीवर उठला. मी म्हटलं, "काऊन, भाजी बरी नाही झाली का?" तर म्हणाले, "भूक नाही आज."

दुसऱ्या दिवशी अर्धी भाकर. तिसऱ्या दिवशी नुसतं वरण पिऊन गेले. तोंडातून एक शब्द वाईट नाही, हां. उलट मी रागानं विचारलं तर म्हणाले, "म्या तुले कधी थांब म्हनलं का? तू जेवत जाय न टायमावर." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. हा माणूस न बोलता उपाशी उठायचा.

म्हणून चौथ्या दिवशी मी थांबले. घंटी झाली, गोळी घेतली, पण ताट घेतलं नाही. म्हटलं, येतीलच एवढ्यात, मग जेवू. आधी गोळी का घेतली, असं विचारू नका. गोळी चुकवायची हिंमत नव्हती. लेकरांच्या गोळ्या, लसी चुकवू नका, असा धाक मी जन्मभर लोकांना घातला, तो माझ्याच हाडात बसला होता. भूक मात्र पुढं ढकलता येते, असं माझ्या हाडानं धरलं होतं.

इकडं ताट नाही, तिकडं पुण्यात लाल झालं. पोरानं मला फोन लावला. मी स्वयंपाकघरात. आमचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे, तिथं नेटवर्कचं नावच नाही. मग त्यानं बापाला लावला. गिरणी सुरू, लोक ओळीत बसलेले, आणि पोरगा मोठ्यानं विचारतो आहे, "बाबा, आई जेवली नाही अजून. काय झालं?" हे पट्टा बंद करून पळत घरी. दारातूनच ओरडले, "काय करून राह्यली वं? लोकाईच्या समोर इज्जत घालवली! बायकोले जेवाले घालत नाही म्हनतीन लोक!"

मीही ओरडले. मला कुठं गप्प बसता येतं. पण ओरडून झाल्यावर ते तसेच परत गेले, न जेवता. लाइट होती ना.

त्या दिवशी मी पाटावर बसून स्वच्छ विचार केला. जेवले तर हे उपाशी. नाही जेवले तर पोरगा बापाची गल्लीत शोभा करणार. बरं, पोराला म्हणावं, काढून टाक ते अॅप, तर तो लगेच म्हणतो, "मग पुण्याला या दोघंही, माझ्या डोळ्यांसमोर राहा." गिरणी सोडून हे पुण्यात काय करतील? तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून गाड्या मोजतील. दिवाळीच्या आधी चार दिवस जाऊन आलो होतो तेव्हा हे दिवसभर सोफ्याच्या टोकावर बसून राहिले होते, उठायची वाट पाहत. मला सगळीकडून दार लावून घेतल्यासारखं झालं. घर माझं, चूल माझी, तोंड माझं, आणि घास कधी उचलायचा ते ठरवणारे तिघं. एक गिरणीत, एक पुण्यात, आणि एक माझ्या पदराला खोचलेला मोबाइल.

मग मी तेच केलं जे माझ्या नोकरीनं मला शिकवलं होतं. नोकरीच्या शेवटी शेवटी आम्हालाही मोबाइल मिळाले होते. लेकरांची वजनं, उंच्या त्यात भरायच्या. काही वाड्यांत नेटवर्कच नसायचं, म्हणून जिथं ते सापडेल तिथं उभं राहून भरायचं. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या बैलगाडीवर. नेटवर्क आहे तोवर भरून मोकळं व्हायचं आणि बाकीचं काम मागून निवांत करायचं, ही आम्हा बायांची सवय. तसंच मी घंटी झाली की ताट वाढायची, सुंदर वाढायची, काकडी अशी, भाजी तशी. ताट घेऊन पुढच्या ओट्यावर यायची, तिथं नेटवर्क असतं. फोटो काढायची, 'जेवले' दाबायची. पान डोलायचं. शाब्बास. मग ताट परत आत न्यायचं, वरून दुसरं ताट झाकायचं आणि बसायचं वाट पाहत. जेवायचं तर होतंच, तासाभरानं. मागून निवांत.

अव माय, काय शांतता पसरली घरात! पोरगा खूश. म्हणायचा, "आई, एक दिवस चुकवत नाहीस तू." हे खूश, दोन भाकरी परत सुरू. मला मधल्या वेळात थोडं घाम सुटल्यासारखं व्हायचं, हात कापायचे. मी म्हणायची, म्हातारपण आहे. एक गुळाचा खडा तोंडात टाकायची, अॅपला काय दिसतं. कुणालाही सांगितलं नाही. सांगून परत त्याच चक्कीत जायचं होतं का?

थंडीतला बाजाराचा दिवस होता तो. त्या दिवशी अॅपचं आणि माझं मन पहिल्यांदा जुळलं होतं. त्यात आलं होतं वांग्याचं भरीत. मी तुराट्यांवर, तुरीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजली, हिरव्या मिरच्या कुटल्या, पातीचा कांदा, शेंगदाणे. घरभर वास. एकला घंटी. गोळी घेतली, ताट वाढलं, ओट्यावर जाऊन फोटो पाठवला. पान डोललं. सकाळी नाश्ता केला नव्हता, भरीत आहे म्हणून पोट रिकामं ठेवलं होतं. ताट झाकलं आणि बसले.

लाइट सकाळभर नव्हती, बाराला आली होती आणि आता जायचं नाव घेत नव्हती. म्हणजे सकाळपासूनची सगळी गाठोडी आता दळणार. मला कळत होतं, हे लवकर येत नाहीत. उठून गूळ घ्यावा असं वाटलं, डबा फडताळात वर होता. हात उचलला तर हात जड. मग त्या झाकलेल्या ताटाकडे पाहत बसले. वरच्या ताटाच्या कडेतून पातीच्या कांद्याचा एक शेंडा बाहेर आला होता. तो ओढून तोंडात टाकला असता तरी चाललं असतं. नाही टाकला. कशासाठी नाही टाकला, ते आजही मला सांगता येत नाही. राग येतो त्या शेंड्याचा.

पुढचं मला आठवत नाही.

शेजारची सून वाटी परत द्यायला आली म्हणून मी वाचले. तिच्या पहिल्या लेकराच्या वेळेला ती माझ्याच अंगणवाडीत यायची, आणि माझ्या शुगरच्या गोळीचं तिला ठाऊक होतं. तिनं मला जमिनीवर पाहिलं, कडेवरचं लेकरू खाली टाकलं आणि साखरेचा डबा शोधून माझ्या गालात साखर भरली, चोळली. जुलाब झालेल्या लेकराला साखर-मिठाचं पाणी द्यायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. डोळे उघडले तेव्हा तोंडात साखर, कानात तिच्या लेकराचं रडणं, आणि ती म्हणत होती, "मावशी, ओ मावशी, गिळा न."

दवाखान्यात सलाइन लावलं. हे आले, अंगभर पीठ, चप्पल एकाच पायात. पोराचा फोन आला, तो यांनी डॉक्टरांच्या टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

डॉक्टरांनी विचारलं, "जेवण केलं होतं का यांनी?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगा तिकडून म्हणाला, "हो डॉक्टर. एक वाजता. फोटो आहे माझ्याकडे. भरीत, एक भाकरी, काकडी. तिचं एकही जेवण चुकलेलं नाही."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. "जेवून शुगर एवढी खाली आली? मग हे साधं नाही. मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. किडनी बघू, आणखीही काही असेल, सगळं तपासू."

सगळे माझ्या शरीरात काहीतरी भयंकर शोधायला निघाले होते. शेजारची सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं ते ताट पाहिलं होतं, झाकलेलं, भरलेलं. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत आलं होतं, मावशी, सांगा न.

मी हे कुठं नेऊन ठेवलं होतं! सांगितलं तर यांची मान खाली, आणि पोरगा उद्याच गाडी घेऊन दारात. नाही सांगितलं तर बुलडाणा, तिथून अकोला, सुया, कागद, सगळ्यांचे जीव टांगणीला, एका न खाल्लेल्या भाकरीपायी. मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो.

"जेवली नाही मी," मी म्हटलं.

"आई, फोटो आहे..."

"फोटो ताटाचा हाय. ताट काही खोटं नव्हतं. म्या खाल्लं नाही."

डॉक्टर म्हणाले, "काऊन?" ते मूळचे बाहेरगावचे, शुद्ध बोलणारे, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून आमचंच 'काऊन' निघालं.

मी छताकडे पाहिलं. "यांची वाट पाहून राह्यली होती."

मी मान वळवून यांच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची ताकद नव्हती. पोरगा म्हणाला, त्याचा आवाज बारीक झाला होता, "बस्स झालं. दोघंही इकडे या."

तेव्हा हे बोलले. "नाही. उद्यापासून मी एक वाजता घरी येईन. लाइट असो का नसो."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. एवढ्या वर्षांत त्या गिरणीचा पट्टा माझ्यासाठी कधी थांबला नव्हता. त्या संध्याकाळी मी सलाइन लावलेल्या हातानं यांच्या भुवयांवरचं पीठ पुसलं. सुटले, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी एकला दोन मिनिटं कमी असताना हे दारात. मी पुढच्या खोलीत, जिथं नेटवर्क लागतं, दोन ताटं वाढली, शेजारी शेजारी, फोटो पाठवला. अॅपनं दोन्ही ताटं माझ्याच नावावर लावली. पान डोललं नाही. लाल झालं आणि खाली आलं, 'आज आपण दुप्पट आहार घेतला'. पोराचा फोन आलाच, "आई, एवढं?" मी म्हटलं, "एक माह्यं, एक तुह्या बापाचं. तुह्या मशीनीले माणसं मोजता येत नाहीत का?" तेव्हापासून फोटो काढायच्या आधी मी यांचं ताट भिंतीकडे सरकवते. फोटोत मी एकटीच जेवते.

आणि हे जेवत नाहीत. समोर बसतात, आपलं ताट पुढं ठेवून, आणि माझ्या हाताकडे पाहतात. "घे न." "भाजी संपली नाही." "तो घास तसाच हाय." पहिल्या दिवशी बरं वाटलं. मग नकोसं व्हायला लागलं. तुम्ही कधी कुणाच्या नजरेखाली भाकर चावून पाहा, लाकूड लागते. माझा शेवटचा घास गेला की हे स्वतःचे दोन घास कोंबतात आणि पळत गिरणीत. लोक आता म्हणतात, काकाची गिरणी एकला बंद असते, आणि पलीकडच्या गल्लीत जातात. हे तसं म्हणत नाहीत. मलाच डब्यांची ओळ आखूड झालेली दिसते.

शेजारची सून एकदा म्हणाली, "मावशी, बरं आहे तुमचं, काका समोर बसून जेवाले घालतात." मी हसले. पदर तोंडाशी धरूनच हसले. अंगणवाडीतल्या त्या बाया माझ्यापुढं अशाच हसायच्या. सगळ्यांच्या आधी जेवा, हे सांगणं किती सोपं होतं. जेवून झाल्यावर त्या घरात बसायचं कसं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, मला माहीतच नव्हतं.

परवा पुन्हा बाजाराचा दिवस होता. सकाळपासून लाइट नव्हती. गिरणीत गाठोड्यांचा ढीग. एकला हे आले, मी ताटं वाढली, फोटो पाठवला, यांचं ताट भिंतीपासून परत पुढं ओढलं, आणि मी पहिला घास मोडला तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. लाइट आली. यांची मान आपोआप दाराकडे वळली. बाहेरून कुणीतरी हाकसुद्धा मारली, "काका, आली हो!"

हे उठले नाहीत. पण त्यांचे कान गिरणीत गेले होते, मला दिसत होतं. गुडघा हलत होता. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "जा तुम्ही. लोकं खोळंबले. मी जेवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिलं असतं.

"फोटोच त पाठवशीन," म्हणाले.

फोटो तर आधीच गेला होता. पान डोलून झालं होतं. शाब्बास म्हणून झालं होतं. आता जन्मभर मी जेवले म्हटलं तरी ते कुणाला खरं वाटणार नाही, समोर बसून पाहिल्याशिवाय. मी खाली मान घालून जेवले. भाकर, भाजी, वरण, काकडीची शेवटची फोड. त्यांनी सगळं पाहिलं. फोड गेली तसे उठले, आपल्या न शिवलेल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि चप्पल घालून निघाले.

"तुमचं जेवण?" मी विचारलं.

"लाइट गेली की येतो."

गिरणीचा आवाज सुरू झाला, घरापर्यंत येतो तो. मी माझं ताट धुतलं. ओटा पुसला. दुसरं काही काम नव्हतं. मग त्या झाकलेल्या ताटाजवळ जाऊन बसले. पोट भरलेलं होतं, तरी मी तिथून उठले नाही.